जिवाणूंची बुंदी: प्रोबायोटिकला वनस्पतिजन्य कवच देताना

बडोद्यात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी हा विषय घेतला, तेव्हा दांडिया बाजारातल्या घरी आजीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तू जंतूंची बुंदी पाडणार?" मला हसू आलं. पुढे दोन महिने सुईतून थेंब पाडत बसले तेव्हा पटलं, की याहून नेमकं वर्णन मी कुठल्याच शोधनिबंधात वाचलं नव्हतं.

प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येने पोटात गेल्यावर आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. ही व्याख्या जागतिक अन्न आणि आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनी २००१ साली केली. तिच्यातला "जिवंत" हा शब्द सगळा घोळ घालतो. जठरातलं आम्ल, पित्त, वाळवताना लागणारी उष्णता, दुकानातल्या फळीवर काढलेले महिने, या प्रत्येक टप्प्यावर जिवाणू मरत जातात. म्हणून त्यांच्याभोवती कवच. ते जिलेटिनचं किंवा दुधाच्या प्रथिनांचंही करता येतं, पण आपल्या गुजरातेत डबी उलटी करून हिरवा ठिपका शोधणारं गिऱ्हाईक मोठं आहे. त्याला जिलेटिन चालत नाही, आणि पूर्ण वनस्पतिजन्य माल मागणाऱ्याला दूधही चालत नाही. त्यामुळे डिंक, चिकटा (बिया भिजवल्यावर सुटणारा बुळबुळीत पदार्थ), पेक्टिन असल्या वनस्पतिजन्य पदार्थांकडे वळणं ओघानेच येतं.

रीत थोडक्यात अशी: जिवाणू मिसळलेलं चिकट द्रावण सुईतून थेंबाथेंबाने कॅल्शियमच्या द्रावणात सोडायचं, म्हणजे प्रत्येक थेंबाचा घट्ट मणी होतो. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. मणी छान गोल पडले की काम झाल्यासारखं वाटतं. मणी गोल पडणं हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. आत जिवंत किती, हे प्रामाणिकपणे मोजणं अवघड, आणि माझं निम्मं वर्ष त्यातच गेलं.

आधी जमवून ठेवा

- सोडियम अल्जिनेट (कवचाचा मुख्य पदार्थ), मध्यम चिकटपणाचं, अन्न दर्जाचं. पुरवठादाराकडून त्या बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र
- कॅल्शियम क्लोराइड, सोडियम सायट्रेट, मीठ (सोडियम क्लोराइड)
- एमआरएस ब्रॉथ आणि अगार (लॅक्टोबॅसिलस वाढवायचं माध्यम, पातळ आणि घट्ट)
- इसबगोल, अळशी किंवा मेथी, मलमलचं फडकं
- मॅग्नेटिक स्टिरर, सेंट्रिफ्यूज, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र), ३७ अंशांचा इन्क्युबेटर
- १० मिलीच्या सिरिंजा आणि २१ ते २३ गेजच्या सुया
- हायड्रोजन पेरॉक्साइडची छोटी बाटली (का, ते पुढे येईल)
- जिवाणू मागवण्याचा अर्ज, त्यावर विभागप्रमुखांची सही
- अल्कोहोल लागणार असेल तर त्याचा परवाना

शेवटच्या ओळीकडे पुण्यामुंबईचे वाचक दुर्लक्ष करतील. बडोदेकरांनी करू नये. राज्यात दारूबंदी आहे आणि शुद्ध इथेनॉल प्रयोगशाळेलाही परवान्यावरच मिळतं. विभागाचा कोटा संपला की वाट बघत बसावं लागतं. त्यावरचा मार्ग चौथ्या पायरीत आहे.

१. कवच कशासाठी हवंय ते ठरवा

दह्यात किंवा रसात घालायचं, की वाळवून पुडीत भरायचं? दह्यात २ मिलिमीटरचा मणी दाताखाली येतो. साबुदाण्यासारखा लागतो म्हणून कुणाला आवडेलही, पण बहुतेकांना नाही. तोंडात कचकच जाणवू नये असं वाटत असेल तर कण १०० मायक्रॉनच्या खाली लागतो, आणि तो सुईने पडत नाही. पहिल्यांदा करताय तर सुईच्या मण्यांपासूनच सुरुवात करा. डोळ्यांना दिसतात, हाताला लागतात, चुका लगेच कळतात.

२. जिवाणू मागवा, दह्यातून काढत बसू नका

घरच्या विरजणातून जिवाणू वेगळा काढायचा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला. पण त्याची ओळख पटवण्यातच तीन महिने जातात. चंदीगडच्या इमटेक या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतला एमटीसीसी संग्रह, कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेतला एनसीडीसी आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम, या तिन्ही ठिकाणांहून क्रमांक असलेला स्ट्रेन (जिवाणूचा ठरावीक वाण) मिळतो. वाळवलेल्या स्वरूपात येतो. एमआरएसमध्ये दोन-तीनदा उतरवून मग वापरा, आणि पहिल्याच दिवशी २० टक्के ग्लिसरॉलमध्ये साठा करून गोठवून ठेवा.

नावाचा एक घोटाळा लक्षात असू द्या. २०२० साली लॅक्टोबॅसिलस या वंशाची २५ वंशांत फेरविभागणी झाली. जुन्या लेखातला लॅक्टोबॅसिलस प्लांटारम म्हणजे आताचा लॅक्टिप्लांटिबॅसिलस प्लांटारम, आणि लॅक्टोबॅसिलस केसी आता लॅक्टिकेसीबॅसिलस केसी. जीव तेच आहेत. प्रबंधात जुनं नाव लिहिलंत तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

३. कवचाचा पदार्थ निवडा

इथे जरा थांबूया, कारण बाजारात गेल्यावर सगळंच "डिंक" असतं.

अल्जिनेट हा पाया. तपकिरी समुद्रशेवाळातून निघतो आणि कॅल्शियम भेटताच क्षणात घट्ट होतो. उष्णता लागत नाही, म्हणून जिवाणूंना सोयीचा. (शेवाळाला काटेकोर अर्थाने "वनस्पती" म्हणावं का, यावर एखादे परीक्षक अडून बसतात. तपकिरी शेवाळं वनस्पतिसृष्टीत मोडत नाहीत, हे खरंच आहे. "शाकाहारी" म्हणा आणि पुढे चला.) पण नुसत्या अल्जिनेटचा मणी म्हणजे बारीक जाळी. जिवाणू अडकतो, आम्ल मात्र आरामात आत शिरतं. ती जाळी दाट करायला दुसरा पदार्थ लागतो.

कमी मेथॉक्सिलचं पेक्टिन कॅल्शियमने घट्ट होतं. जॅमसाठी मिळणारं जास्त मेथॉक्सिलचं पेक्टिन तसं होत नाही. त्याला साखर आणि आम्ल लागतं. डब्यावर नुसतं "पेक्टिन" लिहिलं असेल तर घेऊ नका.

गवार गम आणि मेथीचा चिकटा हे दोन्ही गॅलॅक्टोमॅनन, म्हणजे शर्करेच्या लांब साखळ्या. कॅल्शियमने घट्ट होत नाहीत, नुसता दाटपणा देतात. अळशीचा चिकटा सौम्य, सुईतून सहज जाणारा, माझा आवडता. इसबगोल आपल्याकडे ऊंझा-सिद्धपूरच्या बाजारातून मुबलक येतं, पण भुसी पूर्ण विरघळत नाही, फुगते. बारीक दळून, चाळून, अर्ध्या टक्क्यापर्यंत ठीक. त्यावर गेलात की सुई तुंबते.

गम अरेबिक म्हणजे मुख्यतः अकेशिया सेनेगल या झाडाचा डिंक. स्प्रे ड्रायरमधून पावडर करायची असेल तर यासारखा पदार्थ नाही, कारण भरपूर विरघळूनही द्रावण पातळ राहतं. पण किराणा दुकानातला लाडवांचा डिंक हाच असेल याची खात्री नाही. साधी परीक्षा: एक खडा रात्रभर पाण्यात ठेवा. अकेशियाचा डिंक विरघळतो. कतिऱ्यासारखे डिंक फुगून जेलीचे ढेकूळ होतात.

इन्युलिन कवच करत नाही, पण जिवाणूंचं खाद्य म्हणून १-२ टक्के घालतात. ते चिकोरीच्या मुळात असतं, आणि चिकोरी आपल्या आणंद-खेडा भागात पिकते. पिकते मात्र मुख्यतः कॉफीवाल्यांसाठी.

माझा सल्ला: २ टक्के अल्जिनेट आणि अर्धा ते १ टक्का अळशीचा चिकटा. पहिल्या खेपेला तिसरा पदार्थ नको.

४. चिकटा काढा, आणि तो निर्जंतुक करा

अळशी १ भाग, पाणी १० भाग. ६० ते ८० अंशांवर तास-दीड तास ढवळा, उकळू नका. गरम असतानाच मलमलमधून पिळा. गार झाल्यावर गाळायला गेलात तर फडकं आणि तुम्ही दोघंही चिकटून बसाल. गाळलेल्या द्रवात त्याच्या दुप्पट-तिप्पट अल्कोहोल घातलं की पांढरे तंतू वर येतात. इथे इथेनॉलऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. पेक्टिनच्या कारखान्यांतही ते वापरतात. तंतू ४०-५० अंशांवर वाळवा, म्हणजे वास पूर्ण जातो, मग कुटून ठेवा.

आता माझी फजिती. आम्लाच्या चाचणीत माझ्या मोकळ्या, म्हणजे कवच नसलेल्या, पेशी साफ मेल्या, आणि इसबगोलच्या मण्यांतली संख्या दोन तासांनी जेवढी तेवढीच चार तासांनीही. मी खूश. दोन तक्ते करून मार्गदर्शक मॅडमना दाखवले. त्यांनी तक्त्याकडे पाहिलंही नाही. अगारची प्लेट मागितली, तिच्यावर वाढलेल्या जिवाणूंच्या एका ठिपक्यावर, म्हणजे वसाहतीवर, हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला. फसफसून बुडबुडे आले. लॅक्टोबॅसिलसच्या कुळात कॅटलेज (पेरॉक्साइड फोडणारं विकर) नसतं, बुडबुडे येत नाहीत. ते होते सुट्या भुसीतून आलेले बॅसिलस. त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत, जठराच्या आम्लाचं काय घेऊन बसलात! मी सहा आठवडे इसबगोलमधल्या मातीची मोजणी केली होती.

म्हणून तीन नियम. चिकट्याचं द्रावण ऑटोक्लेव्ह करा: १२१ अंश, १५ मिनिटं. प्रत्येक खेपेला जिवाणू न घातलेले रिकामे मणी करा आणि त्यांचीही प्लेट लावा. आणि पेरॉक्साइडची बाटली टेबलावर ठेवा.

५. अल्जिनेट भिजवा

पिठलं करताना बेसन भुरभुरवतो तसं, फिरत्या पाण्यात चिमटीचिमटीने. एकदम ओतलंत की गुठळ्या, आणि त्या मोडता मोडत नाहीत. पाणी डिस्टिल्डच. नळाचं पाणी आजवा तलावाचं असो की मही नदीचं, त्यातलं कॅल्शियम अल्जिनेटला आधीच पकडतं. रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्या, म्हणजे बुडबुडे निघून जातात.

ऑटोक्लेव्हमध्ये अल्जिनेटच्या साखळ्या थोड्या तुटतात, द्रावण पातळ होतं. एकदाच करा, पुन्हा पुन्हा नको. आदल्या दिवशीचं उरलेलं द्रावण परत निर्जंतुक करून वापरलंत तर मणी बोटात फुटतील.

कॅल्शियम क्लोराइडच्या बाटलीवरचं लेबल वाचा. ०.१ मोलरचं एक लिटर द्रावण करायला निर्जल क्षार ११.१ ग्रॅम लागतो, दोन पाण्याच्या रेणूंचा १४.७ ग्रॅम. निर्जल क्षार विरघळताना पाणी तापतं. गार झाल्यावरच वापरा.

६. पेशी गोळा करा

१६ ते १८ तास वाढवलेला ब्रॉथ घ्या. वाढ थांबण्याच्या सुमाराला पेशी जास्त चिवट असतात. भरात वाढणाऱ्या पेशी दिसायला जोमदार, पण आम्लात लवकर मरतात. ४ अंशांवर १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा आणि ०.८५ टक्के मिठाच्या पाण्याने दोनदा धुवा.

धुणं टाळू नका. एमआरएसमध्ये फॉस्फेट असतं आणि सायट्रेटही, आणि दोन्ही कॅल्शियम ओढून घेतात. न धुतलेल्या पेशींचे मणी मऊ पडतात. याच कारणाने मणी फॉस्फेट बफरमध्ये धुवायचे नाहीत. माझ्या एका वर्गमित्राने धुतले. सकाळी बीकरमध्ये नुसतं गढूळ पाणी होतं.

७. बुंदी पाडा

९ भाग अल्जिनेट-चिकटा मिश्रणात १ भाग पेशी मिसळा. हलकेच, फेस झाला की मण्यांत हवा राहते. सिरिंजमध्ये भरून कॅल्शियमच्या द्रावणात थेंब सोडा, खाली स्टिरर अगदी हळू फिरत असू द्या. सुई पृष्ठभागापासून ५ ते १० सेंटिमीटर वर. फार जवळ धरली तर मण्यांना बेडूकमाशासारखी शेपटी येते, फार उंच धरली तर चपटे होतात. अर्धा तास मुरू द्या, गाळा, मिठाच्या पाण्यातून पटकन काढा.

५० मिलीनंतर अंगठा दुखतो. सिरिंज पंप मिळत असेल तर लाजू नका.

यावर दुसरा थर द्यायचा असेल तर बहुतेक लेख कायटोसान सांगतात. ते सहसा कोळंबीच्या आणि खेकड्याच्या कवचातून येतं, म्हणजे हिरवा ठिपका गेला. बुरशीपासूनचं कायटोसान मिळतं, महाग असतं. वाटाण्याचं किंवा सोयाचं प्रथिन पीएच ४.५ च्या खाली धनभारित होतं आणि ऋणभारित अल्जिनेटला चिकटतं. तो मार्ग स्वस्त आहे.

८. मोजा

मण्यांतून जिवाणू सोडवायला १ ग्रॅम मणी ९ मिली सोडियम सायट्रेटच्या १ टक्के द्रावणात घाला, पीएच ७ च्या आसपास, आणि मणी पूर्ण विरघळेपर्यंत हलवा. पाच मिनिटांत कंटाळून सोडलंत तर न विरघळलेल्या मण्यातले हजारो जिवाणू एकच वसाहत म्हणून मोजले जातील.

हिशेब असा: सायट्रेटची नळी पहिली धरून दहा-दहा पटींनी पातळ करत सहाव्या नळीपर्यंत गेलात, तिच्यातलं ०.१ मिली पसरलं, ८४ वसाहती आल्या. म्हणजे ग्रॅमला ८४ कोटी. ३० ते ३०० वसाहतींचीच प्लेट धरा.

आता सापळे. पहिला: मणी घट्ट होताना आक्रसतात, पाणी बाहेर टाकतात. २० मिली मिश्रणाचे २० ग्रॅम मणी होत नाहीत. ग्रॅमागणिक संख्या बघितली तर ती वाढलेली दिसते आणि कार्यक्षमता (घातलेल्यांपैकी किती मण्यांत जिवंत सापडले) १०० टक्क्यांच्या वर जाते. एकूण घातलेले आणि एकूण सापडलेले यांचीच तुलना करा.

दुसरा सापळा जास्त मोठा, कारण तो छापलेल्या लेखांतही दिसतो. समजा १००० कोटी जिवाणू घातले आणि १०० कोटी सापडले. लॉगमध्ये, म्हणजे एकावरची शून्यं मोजून, हे १० पैकी ९, म्हणजे "९० टक्के". सरळ हिशेबात दहातले नऊ मेले. दोन्ही आकडे गणिताने बरोबर आहेत. पण कुणी "९० टक्के कार्यक्षमता" म्हटलं की कुठल्या रीतीने, हे विचाराच, आणि स्वतः लिहिताना दोन्ही लिहा.

९. पोटाची परीक्षा घ्या

मणी कृत्रिम जठररसात ठेवा: पीएच २, ०.३ टक्के पेप्सिन, ३७ अंश, २ तास, मग ०.३ टक्के पित्तक्षार घातलेलं तटस्थ द्रावण. ही जुनी, कडक रीत. आंतरराष्ट्रीय गटाने ठरवलेल्या इन्फोजेस्ट पद्धतीत जठराचा पीएच ३ धरतात, जेवणानंतरचं पोट म्हणून. कुठलीही घ्या, पण दुसऱ्याच्या आकड्यांशी तुलना करताना पीएच बघा. २ आणि ३ मध्ये आम्लाचा फरक दहापट आहे.

मोकळ्या पेशी त्याच दिवशी, त्याच द्रावणात, बाजूला ठेवा. प्रत्येक चाचणी तीन-तीन नमुन्यांवर. आम्लातून काढलेला मणी सायट्रेटमध्ये लवकर विरघळत नाही, कारण कॅल्शियम निघून जाऊन तिथे अल्जिनिक आम्ल बनलेलं असतं. अर्धा तास तरी द्या.

नुसत्या अल्जिनेटचा फरक थोडा आला तर निराश होऊ नका. तसाच येतो.

१०. वाळवा आणि ठेवा

ओले मणी ४ अंशांवर, मिठाच्या पाण्यात किंचित कॅल्शियम क्लोराइड घालून. शून्य, ७, १४ आणि २८ व्या दिवशी मोजणी. दह्यात ठेवलेत तर तिथलं लॅक्टिक आम्ल हळूहळू कॅल्शियम काढून घेतं, मणी सैल होतात.

गोठवून वाळवायचं असेल तर ट्रेहॅलोज ही शर्करा किंवा साधी साखर संरक्षक म्हणून घाला. नेहमीची स्किम दूध पावडर आपल्याला चालणार नाही. वाळलेला माल हवाबंद ठेवा. बडोद्याच्या जुलैत उघडी राहिलेली डबी एका दुपारीत ओलावा धरते, आणि ओलावा आला की जिवाणू अर्धवट जागे होऊन मरतात. मे महिन्यात नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत न्यायचा असेल तर बर्फाच्या डब्यातूनच. स्कूटरच्या डिकीत कधीच नाही.

११. विकायचं मनात असेल तर

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या न्यूट्रास्युटिकल (पोषणपूरक पदार्थांच्या) नियमांत चालणाऱ्या प्रोबायोटिकची यादी आहे. तुमचा जिवाणू तिच्यात आहे का, हे मणी पाडण्याआधी बघा. दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू लागतात. तो आकडा भरल्या दिवशी गाठून भागत नाही. मुदत संपतानाही तो शिल्लक राहील इतके आधी घाला.

आणि "व्हीगन" लिहिण्याआधी एमआरएसची बाटली फिरवून घटक वाचा. त्यात गोमांसाचा अर्क असतो. कवच अळशीचं, पण आतला जीव वाढला कशावर? आजीला हे कळलं त्या दिवशी तिने माझी प्रयोगशाळेतली पिशवी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर ठेवायला लावली. वनस्पतिजन्य पेप्टोन (प्रथिनांचे तुकडे) आणि यीस्टचा अर्क घालून केलेली माध्यमं मिळतात. वाढ थोडी मंद होते, म्हणून सहाव्या पायरीतले तास तुमच्या माध्यमावर पुन्हा ठरवून घ्या.